घरात तर काही कमी केलं नाही, मग लेक स्वतःला इतकं कमी का लेखते?

ओंजळ

लेक सोळा वर्षांची आहे. चित्रं काढते, आणि छान काढते (आई म्हणून नाही सांगत, तिच्या शिक्षिकाही म्हणतात). गेल्या काही महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. चित्र दाखवायला आणते आणि आपण तोंड उघडायच्या आत कागद उलटा करून ठेवते. "एवढं काही जमलं नाहीये." मी सरळ करायला हात पुढे करावा, तर तिचा तळहात आधीच त्यावर दाबलेला असतो.

वर्षभरापूर्वी असं नव्हतं. पाच मैत्रिणींचा घोळका होता, तो फुटला. खरं तर चौघी तशाच आहेत, हिला तेवढं बाहेर काढलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मलाच लोकांशी नीट राहता येत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या चौघींबद्दल राग नाही, तक्रार नाही. सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन मोकळी.

मला कोडं पडलंय ते हे. आमच्या घरात मारणं-ओरडणं नाही, मार्कांवरून कटकट नाही. मोठा मुलगा अभ्यासात हुशार आहे, पण आम्ही तुलना करत नाही. मग चार मुलींनी बोलणं टाकलं तर सोळा वर्षांचं घर अपुरं पडतं? या वयात मित्रमैत्रिणींचं पारडं घरापेक्षा जड असतं का? ज्यांची मुलं यातून गेलीत, किंवा जे स्वतः नुकतेच गेलेत, त्यांनी कृपया लिहा.

टिंबटिंब

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

रानवाट

ओंजळताई, मी 22 वर्षं माध्यमिकला शिकवतेय. अभ्यास वगैरे केलेला नाही, पाहिलेलं सांगते.

सहावीतलं मूल उत्तर देताना माझ्याकडे बघतं. आठवी-नववीत डोळे आधी शेजारच्या बाकाकडे जातात, तिथून माझ्याकडे येतात. उत्तर बरोबर असूनही शेजारी कुणी फिसकन हसलं तर आवाज अर्ध्यावर येतो. हे मी शेकडो मुलांत पाहिलं आहे.

आणि "चला, चार-चारचे गट करा" हे वाक्य मी बोलणंच सोडलंय. दोन मिनिटांत वर्गभर गलका होतो, गट पडतात आणि एक मूल दप्तरात काहीतरी शोधत बसतं. काही हरवलेलं नसतं. मान खाली घालायला निमित्त हवं असतं. आता गट मीच पाडते.

तेव्हा हो, पारडं जड असतं. पण घराचं पारडं हलकं होतं असं मात्र मला वाटत नाही.

कंदील

रानवाट यांचं शेवटचं वाक्य संशोधनाशीही जुळतं, म्हणून थोडं सविस्तर.

चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात बघतो. म्हणजे आपण कसे आहोत यापेक्षा समोरच्याला कसे वाटत असू, या अंदाजावर आपण स्वतःचं मोल ठरवतो. इथे 'अंदाज' हा शब्द फार मोलाचा आहे. समोरच्याच्या मनात तसं नसेलही.

सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञांनी पौगंडावस्थेतल्या मुलांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांना आढळलं की वर्गातल्या सरसकट मुलांनी आपल्याला मानणं, याचा आत्मसन्मानाशी असलेला संबंध जिवलग मित्राच्या मानण्यापेक्षाही जास्त असतो. कारण सरळ आहे. जिवलग मित्र आपला असतोच, तो चांगलंच म्हणणार. बाहेरच्या माणसाचं मत कसं 'खरं' वाटतं. आईचं कौतुक याच कारणाने लेकीच्या हिशेबात धरलं जात नसेल. पण हार्टर यांनाच हेही दिसलं की मुलं शाळेत आहेत तोवर आईवडिलांच्या मान्यतेचं वजन कमी होत नाही. मित्रांचं वजन वाढतं ते घराच्या वजनातून वजा होऊन नाही, त्याच्यावर चढून.

दगडफूल

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. माझं वय 58. आमच्या वडिलांनी आयुष्यात एकदाही शाबास म्हटलं नाही. मित्र तर टिंगलीशिवाय बोलायचेच नाहीत. आमचं काय बिघडलं? हल्ली मुलांना इतकं जपतात की वारा लागला तरी सर्दी होते. चार मुली बोलत नाहीत तर पाचवी शोधावी. मनाला घट्टे पडायला हवेत.

गोगलगाय

दगडफूल काका, घट्टे पडलेल्या जागी स्पर्शही कळत नाही. :)

आमच्या घरी तिघं भावंडं. तिघांनाही ठाम वाटायचं की दुसरंच कुणीतरी आईचं लाडकं आहे. एकदा तिघांनी मिळून आईला घेरलं, म्हटलं आज सांगच. आई म्हणाली, "कुत्रा." तेव्हापासून घरात शांतता आहे.

जरा अवांतर. आपण इथे आत्मसन्मान, स्वाभिमान, आत्मविश्वास सगळं एकच समजून लिहितोय का? स्वाभिमान दुसऱ्याच्या वागण्याने दुखावतो. आत्मविश्वास कामापुरता असतो, मला सायकल येते पण भाषण येत नाही. ओंजळताई म्हणतायत ते तिसरंच. मला काही येवो न येवो, मी माणूस म्हणून बरी आहे ना, एवढंच. त्याला नेमका शब्द सुचत नाही, पण उलट बाजूचं क्रियापद आपल्याकडे चपखल आहे. 'कमी लेखणं'. धाग्याच्या नावात तेच आलंय.

कंदील

गोगलगाय, हा फरक करायलाच हवा होता. मॉरिस रोझेनबर्ग यांनी आत्मसन्मान मोजायला 1965 मध्ये केलेली 10 विधानांची प्रश्नावली आजही वापरतात. तिच्यात 'मला हे येतं का' यापेक्षा 'मी इतरांइतकाच मोलाचा आहे असं मला वाटतं का' यावर भर आहे. 5 विधानं स्वतःच्या बाजूने, 5 विरुद्ध.

दगडफूल, घट्ट्यांबद्दल. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फेकायची तबकडी त्यांच्याकडे आली. विल्यम्सनी परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, थोडा वेळ तिघं खेळले. मग त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. पाच मिनिटांपूर्वी जे कुणीच नव्हते त्यांनी वगळलं, तरी ते चांगलंच लागलं. त्यावरून विल्यम्सनी संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ बनवला. पलीकडे माणूस नाही, संगणकच आहे असं आधी सांगूनही, चेंडू न मिळालेल्यांना वाईट वाटलंच. अनोळखी यंत्राने वगळल्याची ही गत, तर रोज डोक्याला डोकं लावून बसणाऱ्या चौघींनी वगळल्यावर काय होत असेल?

मार्क लिअरी हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की आत्मसन्मान हा गाडीतल्या इंधनाच्या काट्यासारखा आहे. आपण माणसांत आहोत की बाहेर पडतोय, हे तो दाखवतो. काटा खाली आला म्हणून काट्यालाच रागवून काय उपयोग?

पाणकावळा

मी वीस वर्षांचा आहे. सहसा वाचनमात्र असतो, पण ओंजळताईंच्या लेकीसाठी लिहितो.

अकरावीत आमचा सात जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. हळूहळू त्यावर कुणी काही टाकेना. मला वाटलं सगळे अभ्यासाला लागलेत. मग एका मित्राने चुकून स्क्रीनशॉट पाठवला, त्यात वर दुसऱ्याच ग्रुपचं नाव होतं. सहा जण. जुना ग्रुप त्यांनी बंद केला नव्हता, मी एकटाच त्यात राहिलो होतो. मी तिथे "काय मग, कुठे गायब सगळे" असं लिहिलेलं अजून तसंच आहे. दोन निळ्या टिकांसकट.

तेव्हा मला राग आला नाही. मी मागचे चार महिन्यांचे मेसेज वाचत बसलो की मी कुठे काय चुकीचं लिहिलं. रात्री दोन-दोनपर्यंत. प्रत्येक विनोदावर कोण हसलं, कोण नाही, ते मोजत. ताई, तुमची मुलगी "मलाच जमत नाही" म्हणते ना, ते असंच कुठेतरी मोजून आलेलं असणार. कारण दोष आपला असेल तर निदान सुधारता तरी येईल. त्यांना आपण उगाचच नको झालो असू, तर करणार काय?

मला कुणी बाहेर काढलं विचाराल तर बसमधल्या एका मुलाने. मैत्री वगैरे नव्हती. तो रोज माझ्यासाठी जागा धरायचा, बस्स. मी उशिरा आलो तरी बॅग ठेवलेली असायची. कधी विचारलं नाही की तू एवढा गप्प का.

निरांजन

पाणकावळा, डोळ्यांत पाणी आणलंत. 'दोष आपला असेल तर निदान सुधारता येईल' हे मी वहीत लिहून ठेवलंय.

ठिपका

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण ओंजळताईंनी 'हुशार दादा'चा ओझरता उल्लेख केलाय.

आमच्या घरात हुशार मी होते. धाकटा भाऊ 'खेळकर'. सगळ्यांना वाटतं त्याचं नुकसान झालं, आणि झालंच. पण माझं काय झालं ते सांगते. घरातला माझा पाट त्या एका शब्दावर मांडलेला होता. पदवीला असताना एका विषयात नापास झाले आणि 11 दिवस घरी सांगितलं नाही. कुणी मारणार नव्हतं, ओरडणारही नव्हतं. मला भीती वाटत होती की आता मी या घरात कोण? शेवटी भावाला आधी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, आता आपण दोघं सारखे." आणि हसला. मी खूप रडले, कारण त्या हसण्यात आनंद नव्हता, सुटका होती. त्यालाही तेवढाच भार होता.

ताई, दादाकडेही एकदा बघा.

कंदील

ठिपका, 1998 मधला म्युलर आणि ड्वेक यांचा प्रयोग हेच सांगतो. काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस". नंतर अवघड कोड्यांत अपयश आल्यावर 'हुशार' ठरलेली मुलं लवकर खचली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी इतरांना आपले गुण वाढवून सांगितले. लपवण्याची ओढ तुमच्या एकटीची नाही.

सांजवेळ

मी समुपदेशक आहे. इथे कुणाला सल्ला देणं बरोबर नाही, पण ओंजळताई, दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

पहिली, चित्र बघून तुम्ही नेमकं काय म्हणता? नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी 8 ते 12 वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगच्या रानगुलाबांचं चित्र बघून काढायला सांगितलं. काहींना "सुंदर काढलंस" असा अभिप्राय मिळाला, काहींना "विलक्षण सुंदर काढलंस", काहींना काहीच नाही. मग पुढचं चित्र सोपं हवं की अवघड, हे मुलांनीच निवडायचं होतं. स्वतःला आधीच कमी लेखणाऱ्या मुलांनी 'विलक्षण' ऐकल्यावर अवघड चित्र टाळलं. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. फरक एकाच शब्दाचा, पण त्या शब्दाने पुढच्या वेळची उंची ठरवून टाकली. आणि गंमत म्हणजे मोठी माणसं असं फुगवलेलं कौतुक नेमकं अशाच मुलांचं जास्त करतात, कारण आपल्याला त्यांना सावरायचं असतं.

दुसरी, घरात लेकीला लाडाने काय म्हणता? भांडणातले शब्द मुलं विसरतात, कारण ते रागाचे होते हे त्यांना कळतं. हसत हसत म्हटलेलं राहतं. त्यावर चिडताही येत नाही, चिडलं की "एवढी गंमत कळत नाही?" असं ऐकावं लागतं.

आणि एक काळजीचं. झोप, भूक बिघडली असेल, आवडतं काम सुटलं असेल, "मी नसले तर बरं" असं काही बोलली असेल, तर वाट न बघता तज्ज्ञांकडे न्या.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

सांजवेळ, झोप-भूक ठीक आहे, चित्रं चालू आहेत. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांनी मला गाठलं. मी प्रत्येक चित्राला "अप्रतिम! जगात भारी!" म्हणते. आवाजही चढवून.

आणि दुसरं. घरात आम्ही तिला 'वेंधळी' म्हणतो. पाच-सहा वर्षांची असताना पाण्याचा पेला सांडला होता, तेव्हापासून. तिचे बाबा, दादा, मी, आजी, सगळे. फोन आला तरी "आमची वेंधळी आहे का जाग्यावर" असं. मी धाग्याच्या सुरुवातीला अगदी छातीठोकपणे लिहिलं की तुलना नाही, टोचणं नाही. हे नाव मला आठवलंसुद्धा नाही. आम्हाला ते नावच वाटत होतं.

रानवाट

ताई, स्वतःला फार बोल लावू नका. पण हो, माझ्या वर्गात अशी टोपणनावं मी हजेरीच्या पहिल्याच दिवशी विचारते, "तुला काय म्हटलेलं आवडतं?" दरवर्षी दोन-तीन मुलं असतात, ती इकडेतिकडे बघतात आणि फक्त आपलं खरं नाव सांगतात. जरा जोर देऊन.

टिंबटिंब

एक शंका. म्हणजे दोष घराचा निघाला की मैत्रिणींचा?

सांजवेळ

टिंबटिंब, दोष शोधायचा नाहीये, धागा कसा विणला जातो ते बघायचंय. घरात दहा वर्षं हसत हसत ऐकलं की मी वेंधळी, माझ्याकडून सांडतं. मग मैत्रिणींनी टाकल्यावर मनात पहिलं काय येणार? "माझ्याकडूनच काहीतरी सांडलं असणार." मैत्रिणींनी घाव घातला, पण त्याचा अर्थ कसा लावायचा हे घरातून आलेलं होतं.

उलटंही होतं. स्वतःला कमी लेखणारं मूल आधीच मागे सरतं, फोन करत नाही, बोलावलं तर "बघू" म्हणतं. मग लोक बोलवायचे थांबतात.

कंदील

याला पुरावा आहे. हॅरिस आणि ऑर्थ या संशोधकांनी 52 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले, 47,000 हून अधिक माणसं. चांगली नाती आत्मसन्मान वाढवतात आणि चांगला आत्मसन्मान नाती सुधारतो, दोन्ही दिशांनी. चक्र आहे, ते कुठूनही फिरवायला घेता येतं.

ओंजळताई, एक दिलासा. ऑर्थ यांच्याच आणखी एका मोठ्या आढाव्यात दिसलं की सरासरीने 11 ते 15 या वयात आत्मसन्मान साधारण तिथल्या तिथे राहतो आणि मग तिशीपर्यंत चांगला वाढत जातो. तुमची लेक चढाच्या पायथ्याशी आहे.

दगडफूल

चार दिवस लिहू की नको करत होतो.

आमचं काही बिघडलं नाही असं मी लिहिलं. ठिपकाचा प्रतिसाद वाचल्यावर झोप लागली नाही. माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा मला ती बातमी तिसऱ्या दिवशी कळली, तीही त्याच्या आईकडून. त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही आधी पगार विचारला असता." मी रागावलो. पण त्याच्या आईने बातमी सांगितल्या सांगितल्या मी पहिला प्रश्न खरोखर तोच विचारला होता.

आणि माझ्याबद्दल. कचेरीत तीस वर्षं मला उत्तर माहीत असायचं आणि मी हात वर केला नाही. मागून आलेले पुढे गेले. मी त्याला माझा स्वभाव समजत होतो. वडिलांसमोर बोलताना "तुला काय कळतं" हे ऐकू यायच्या आधीच मी वाक्य गिळायचो, ते गिळणं तसंच राहिलं. वडिलांना दोष देत नाही, त्यांनाही कुणी शाबास म्हटलं नसणार. पण बिघडलं नाही, हे खोटं आहे. ते वाक्य मी मागे घेतो.

काल मुलाला फोन केला. काय बोलावं सुचेना. विचारलं, काम आवडतं का रे? तो क्षणभर गप्प झाला. मग पाऊण तास बोलला.

गोगलगाय

काका, माझा आधीचा टोमणा मी मागे घेते. पाऊण तास!

निरांजन

दगडफूल काका _/\_

ओंजळ

दोन आठवड्यांनी लिहितेय.

'वेंधळी' बंद केलं. ठरवून, तिला न सांगता. आजीला सगळ्यात जड गेलं, दोनदा जीभ घसरली. सातव्या-आठव्या दिवशी लेकच म्हणाली, "हल्ली मला नावाने का हाक मारता?" मी म्हटलं, ते दुसरं आम्ही सोडलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही चिडलाय माझ्यावर." मी सांगितलं की नाही, ते नाव चुकीचं होतं, आमचं चुकलं. त्यावर ती फक्त "दादालापण सांगितलंयस?" एवढंच म्हणाली. दादाने सगळ्यात आधी सोडलं, हे ऐकून तिचा चेहरा बदलला. त्याच्याशीही बोलले मी, ठिपका. तो म्हणाला, "मला हुशार म्हणणंही थांबवा ना थोडे दिवस."

चित्राचं असं झालं. परवा तिने दोन हातांचं चित्र आणलं, सवयीने उलटं ठेवलं. मी अप्रतिम म्हटलं नाही. कागदाला हातही लावला नाही. विचारलं, किती दिवस लागले? "तीन." सगळ्यात जास्त वेळ कशाला? तिने स्वतः कागद सरळ केला आणि बोट ठेवलं. "हा अंगठा बघ. चार वेळा खोडला. अजूनही मुळाशी चुकलाय." खरंच थोडा चुकलेला होता. मी म्हटलं, हो, इथे जरा मोडल्यासारखा वाटतो. माझ्या पोटात गोळा आला होता, की हे बोलायला नको होतं. पण ती म्हणाली, "हो ना!" आणि मग वीस मिनिटं मला अंगठा तळहाताला कुठे जोडलेला असतो ते माझाच हात धरून समजावत होती.

त्या चौघी अजून बोलत नाहीत. चित्रकलेच्या वर्गातली एक मुलगी आहे, तिच्याबद्दल दोनदा बोलली. मी जास्त विचारलं नाही.

पाणकावळा

अंगठा सगळ्यात अवघड असतो, मीही काढतो थोडंफार. तिला सांगा, आधी मुठीचा अंगठा काढून बघ, मग उघड्या हाताचा सोपा जातो.